पीसीओएस : रिपोर्ट राहू द्या, दिवस कसा जातो ते सांगा

यावेळी पीसीओएसवर (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, ओव्हरी म्हणजे अंडाशय) इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. रिपोर्टातले आकडे सगळ्यांनी अगदी नीट लिहून पाठवलेत, हार्मोन किती, वजन किती, ओव्हरीचा साइज किती, पण सकाळी उठवतं का, कामात लक्ष लागतं का, कुठे जायचं टाळता का, हे फार थोड्या जणींनी लिहिलंय. म्हणून आजची उत्तरं त्या बाजूने देतेय.

प्रश्न : ताई, मी २९ वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, सोनोग्राफीत पीसीओएस असं लिहून आलं. नवीन डॉक्टरकडे गेले तर तपासायच्या आधीच चार पानी फॉर्म हातात दिला, झोप किती, दिवसात किती वेळ बसून असता, मूड कसा, गेल्या महिन्यात किती दिवस कामं राहून गेली. माझा प्रॉब्लेम पाळीचा आहे, मग हे सगळं कशाला?

उत्तर : असे डॉक्टर मिळालेत तर सोडू नका त्यांना, खरंच सांगतेय.

आधी निदानाचं बघू. नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला जे निकष ठरले तेच थोडे सुधारून आजही वापरतात, म्हणजे तीनपैकी दोन गोष्टी हव्यात : पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण (चेहऱ्यावरचे केस, मुरमं किंवा रक्ताचा रिपोर्ट), आणि सोनोग्राफीत ओव्हरी तशी दिसणं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनने प्रौढ बायकांसाठी सोनोग्राफीच्या जागी एएमएच ही रक्ताची टेस्टही चालेल असं म्हटलंय. शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हेही एक हार्मोन) वगैरे दुसरी कारणं नाहीत ना हे बघावं लागतं. आणि सोनोग्राफीत जे बारीक बारीक गोल दिसतात त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेले फॉलिकल्स, म्हणजे अंड्यांच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे ऑपरेशन करून काढायच्या का वगैरे घाबरू नका.

आता फॉर्मबद्दल. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, मग शरीर ते जास्त बनवतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं, त्याने अंडं तयार होऊन बाहेर पडायचं थांबतं आणि पाळी लांबते. म्हणजे पाळी, हनुवटीवरचे केस, पोटावरचं वजन, पुढे जाऊन शुगर, हे सगळं एकाच साखळीतलं आहे. झोप सतत अपुरी राहिली तरी इन्सुलिनचं काम बिघडतं, दिवसभर बसून राहिलं तरी बिघडतं. तेव्हा झोपेचा प्रश्न हा तुमच्या पाळीच्या उपचाराचाच प्रश्न आहे.

आणि कामं राहण्याबद्दल. अगदी सारखे रिपोर्ट असलेल्या दोघी माझ्यासमोर येतात, एकीला पाळी उशिरा येते एवढंच, बाकी तिचं व्यवस्थित चाललेलं असतं, दुसरी महिन्यातले निम्मे दिवस कशीबशी ढकलत असते. कागदावर दोघी सेम. आता दोघींना एकच गोळी आणि "वजन कमी करा" एवढं एक वाक्य देऊन पाठवलं तर दुसरीच्या हातात काय पडलं? तुम्हाला दिलेला फॉर्म मी बघितलेला नाही पण वर्णनावरून त्यातला काही भाग जागतिक आरोग्य संघटनेच्या व्होडॅस २.० या प्रश्नावलीसारखा वाटतोय. त्यात गेल्या ३० दिवसांबद्दल विचारतात, समजून घेणं आणि लक्ष लागणं, हालचाल, स्वतःची काळजी, लोकांशी जमवून घेणं, घरची आणि बाहेरची कामं, समाजात वावर असे सहा भाग असतात, आणि शेवटी विचारतात की किती दिवस काम अजिबात जमलं नाही आणि किती दिवस कमी करावं लागलं. या शेवटच्या प्रश्नांची उत्तरं विचार करून लिहा. बायका तिथे सरळ शून्य लिहितात, कारण काम तर होतंच, कसं होतं हे कुणी विचारलेलं नसतं. ओढून-ताणून केलं असेल तर त्या दिवशी काम कमी झालं असंच धरा.

सहा महिन्यांनी तोच फॉर्म परत मागा. उपचाराचा फायदा होतोय का हे वजनकाट्यापेक्षा तिथे लवकर कळू शकतं. आणि पाळी ९० दिवसांच्या वर गेली तर वाट बघत बसू नका, गर्भाशयाच्या आतलं अस्तर न पडता साचत राहणं वर्षानुवर्षं चाललं तर धोक्याचं असतं, ते पाडायला गोळ्या असतात.

प्रश्न : मॅडम, मी नर्सिंगच्या मास्टर्सला आहे. माझा डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) विषय पीसीओएस असलेल्या स्त्रियांची जीवनशैली आणि दैनंदिन कार्यक्षमता. दैनंदिन कार्यासाठी बार्थेल इंडेक्स ही प्रश्नावली घ्यायचं ठरलं होतं, पायलटमध्ये (आधीच्या छोट्या चाचणीत) सगळ्यांनाच १०० पैकी १०० आले. म्हणजे पीसीओएसचा रोजच्या आयुष्यावर काहीच परिणाम होत नाही असं लिहायचं का? डेटा गोळा करायला वेळ थोडा उरलाय.

उत्तर : नाही, असं अजिबात लिहू नकोस! आणि बरं झालं हे पायलटमध्येच कळलं, पायलट त्यासाठीच असतो.

बार्थेल इंडेक्स १९६५ चा, तो आजारातून उठणाऱ्या, अंगात ताकद नसलेल्या, स्ट्रोक वगैरे झालेल्या पेशंटसाठी. त्यातले दहा प्रश्न आठव, जेवता येतं का, अंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, लघवी-संडासवर ताबा आहे का, जिना चढता येतो का. पंचविशीतल्या मुलीला हे सगळं येणारच. कॅट्झच्या स्केलचंही तेच, लॉटनच्या स्केलमध्ये फोन वापरणं, खरेदी, पैशाचे व्यवहार असे वरचे मुद्दे आहेत पण तेही म्हाताऱ्या माणसांसाठी. तुझ्या पेशंट कपडे घालू शकतात गं, पण केस दिसू नयेत म्हणून कुठले घालायचे, गळा झाकलेला हवा, हात झाकलेले हवेत यात अर्धा तास जातो आणि शेवटी जायचंच रद्द होतं. ऑफिसला पोचतात पण दुपारी स्क्रीनवरची तीच ओळ चौथ्यांदा वाचत असतात. हे बार्थेलमध्ये कुठे पकडलं जाणार? उंची मोजायच्या टेपने ताप मोजल्यासारखं झालं ते.

तर कामकाजासाठी व्होडॅस २.० घे, ३६ प्रश्नांचं किंवा वेळ कमी असेल तर १२ प्रश्नांचं. पीसीओएससाठी म्हणून खास बनवलेली प्रश्नावली आहे, पीसीओएसक्यू, १९९८ ची, २६ प्रश्न आणि पाच भाग : भावना, अंगावरचे केस, वजन, वंध्यत्व आणि पाळीचे त्रास. मूळ प्रश्नावलीत मुरमांचा भागच नव्हता, नंतरच्या सुधारित आवृत्तीत घातला, तर शक्य असेल तर सुधारितच वापर, कारण कमी वयाच्या मुलींना सगळ्यात जास्त तेच खुपतं. जीवनशैलीसाठी एचपीएलपी-२ आहे, ५२ प्रश्नांची, त्यात व्यायाम, आहार, ताणाचं नियोजन, नातेसंबंध, तब्येतीची जबाबदारी घेणं आणि आध्यात्मिक वाढ असं सगळं येतं. हालचालीसाठी आयपॅक, गेल्या ७ दिवसांचं विचारतं. झोपेसाठी पीएसक्यूआय, ० ते २१ मार्क, ५ च्या वर गेलं की झोप खराब.

पण सगळं एकदम देऊ नकोस! ५२ आणि ३६ आणि २६ आणि पीएसक्यूआयचे १९, बेरीज कर, सव्वाशेच्या वर गेले, ओपीडीत रांगेत बसलेली बाई पन्नासाव्या प्रश्नानंतर न वाचता गोल करायला लागते आणि तुझा डेटा तिथेच गेला. मी असते तर व्होडॅसचे १२, पीसीओएसक्यू आणि आयपॅक एवढंच ठेवलं असतं, फार तर झोपेचं.

एक फार कॉमन गडबड सांगते. व्होडॅसमध्ये मार्क जास्त म्हणजे त्रास जास्त, पीएसक्यूआयमध्येही तसंच, पीसीओएसक्यूमध्ये मात्र मार्क जास्त म्हणजे तब्येत चांगली. कोडिंग करताना हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, नाहीतर दोन प्रश्नावल्यांच्या मार्कांमधलं नातं (को-रिलेशन) उलटं येतं आणि मग त्या उलट्या निकालाला साजेसं डिस्कशन लिहिलं जातं.

वजनाचंही बघ. पीसीओएस असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन गटांची तुलना करणार असशील तर वय आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) जुळवून घे, नाहीतर फरक पीसीओएसमुळे दिसला की वजनामुळे ते सांगताच येणार नाही. सगळ्या पेशंट मोठ्या हॉस्पिटलच्या वंध्यत्वाच्या ओपीडीतून घेतल्यास तर त्रास जास्तच दिसणार, कारण ज्यांना जास्त त्रास त्याच तिथवर पोचतात, हे लिमिटेशनमध्ये लिही. कोण कुठल्या गोळ्या घेतंय, किती महिने, ती नोंद हवी. वंध्यत्वाचे प्रश्न जिला मूल नकोच आहे किंवा जिचा तो विषयच नाही तिला लागू नाहीत, त्या उत्तरांचं काय करायचं ते आधी ठरव. प्रश्नावल्यांचं मराठी भाषांतर आयतं मिळतंय का बघ, नसेल तर प्रश्नावलीच्या मालकांची परवानगी, मग भाषांतर, मग ज्याने मूळ बघितलेलं नाही अशा माणसाकडून उलट भाषांतर, मग थोड्या जणींवर ट्रायल. एका रात्रीत केलेल्या भाषांतराने चांगली प्रश्नावली मातीमोल होते.

शेवटचं आणि हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये नैराश्य आणि अँग्झायटीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तू पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली पण घालशील कदाचित. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला कुणी हो म्हटलं तर त्याच दिवशी, तिथेच, तिला कुणाकडे न्यायचं हे पहिला फॉर्म वाटायच्या आधी ठरलेलं हवं. ते ठरलं नसेल तर ती प्रश्नावली वापरूच नकोस. फॉर्म गोळा करून पिशवीत घालायचे आणि महिन्याने एक्सेलमध्ये भरताना ते उत्तर दिसायचं, असं होता कामा नये.

प्रश्न : माझं वजन पहिल्यापासून कमीच आहे तरी पीसीओएस निघाला. घरी म्हणतात तुला कसला पीसीओएस, तो जाड्या मुलींना होतो. व्यायाम, आहार यातलं मला काही करायची गरज आहे का?

उत्तर : आहे. बारीक मुलींनाही पीसीओएस होतो आणि त्यांच्यातही इन्सुलिनची गडबड असू शकते. तुमच्या बाबतीत काटा काहीच सांगणार नाही म्हणून उलट टेस्टकडे जास्त लक्ष द्या. उपाशीपोटीची शुगर नॉर्मल आली तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट एकदा करून घ्या, साध्या टेस्टमध्ये सुटलेलं तिथे सापडतं, आणि पुढे तुमचा धोका बघून दर एक ते तीन वर्षांनी. बीपी दरवर्षी, कोलेस्टेरॉल एकदा आणि मग डॉक्टर सांगतील तसं.

व्यायाम वजनासाठीच करतात हे डोक्यातून काढून टाका. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि सलग न येणारे दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, एवढं सगळ्याच प्रौढ बायकांना सांगितलंय. स्नायू काम करायला लागले की साखर ओढून घेतात, काटा हलला नाही तरी. आहाराबाबत एवढंच सांगेन की पीसीओएससाठी अमुक एक डाएट बाकीच्यांपेक्षा भारी आहे असं सिद्ध झालेलं नाही. जो संतुलित आहे आणि जो तुम्हाला वर्षभर निभावेल तो घ्या, अख्खे अन्नगट बंद करणाऱ्या प्लॅनपासून लांब राहा.

प्रश्न : लाज वाटते लिहायला. रोज सकाळी पाऊण तास प्लकर घेऊन खिडकीपाशी बसते, कारण बाथरूमच्या लाइटमध्ये हनुवटीखालचे केस दिसत नाहीत. उजव्या बाजूला जास्त आहेत म्हणून कुणी उजवीकडे येऊन बसलं की मी जागा बदलते. व्हिडिओ कॉलला कॅमेरा बंद. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलं नाही, त्यांनी बघितलं आणि केस फारसे नाहीत असं लिहिलं.

उत्तर : त्यांना दिसणार कसे, तुम्ही सकाळीच काढून गेलात ना!

डॉक्टर केसांचं मोजमाप करतात त्याला सुधारित फेरिमन-गॅलवे स्कोअर म्हणतात, वरचा ओठ, हनुवटी, छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या अशा नऊ जागा, प्रत्येकीला ० ते ४ मार्क, एकूण ३६. चार ते सहा किंवा त्याहून जास्त झालं की ते जास्त धरतात, वंशाप्रमाणे आकडा थोडा बदलतो. पण काढलेल्या केसांना शून्य मार्क पडतात आणि तुमची सकाळ त्या कागदावर येतच नाही. पुढच्या वेळी जमलं तर काही दिवस न काढता जा, ते सहन होणार नसेल (नसेलच, मला कळतंय) तर वाढलेले असताना फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि तो दाखवा. आणि पाऊण तास हा आकडा तोंडाने सांगा. रोजचा पाऊण तास म्हणजे आठवड्याचे सव्वापाच तास. हा तुमच्या रोजच्या जगण्यावर झालेला परिणाम आहे, नटण्यामुरडण्याचा विषय नाही, आणि उपचार किती जोरात करायचा हे त्यावर ठरायला हवं. बाईला केसांचा जो त्रास वाटतो तो स्कोअरशी जुळेलच असं नसतं, स्कोअर तीन आणि घराबाहेर पडणं बंद अशाही बायका असतात.

उपाय आहेत. हार्मोनच्या गोळ्या, पण रक्तात गुठळ्या, ठरावीक प्रकारचं मायग्रेन, बीपी, सिगरेट असं काही असेल तर आधी सांगा, त्या सगळ्यांना चालत नाहीत. त्यांनी भागलं नाही तर पुरुषी हार्मोन अडवणारी औषधं, ती चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो म्हणून गर्भनिरोधक सोबत हवंच. लेझर. औषधाचा फरक दिसायला सहा महिने तरी लागतात कारण केसांचं चक्रच हळू असतं, तेव्हा दोन महिन्यांत काही होत नाही म्हणून सोडू नका. तोवर रेझर वापरलात तरी चालेल, शेव्हिंगने केस दाट होत नाहीत, प्लकिंगपेक्षा वेळ खूप वाचतो. केस अचानक, काही महिन्यांत भराभर वाढले असतील किंवा आवाज घोगरा होत असेल तर मात्र लगेच दाखवा, त्यामागे क्वचित वेगळं कारण निघतं.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे, पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. कधी ४० तर कधी ४५ दिवसांनी येते. सोनोग्राफी केली तर पीसीओएस लिहून आलं. तिचं खाणं आता कमी करायला हवं का?

उत्तर : थांबा जरा. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षी ती अनियमित असणं नॉर्मलच, आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांत येणं चालतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचाच नसतो कारण या वयात निरोगी मुलींच्या ओव्हरीही तशाच दिसतात. तिच्या वयात पाळीची गडबड आणि पुरुषी हार्मोनच्या खुणा दोन्ही हव्यात. पाळीच्या तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांना परत एकदा विचारा.

खाणं कमी करू नका, आणि जेवताना वजनाचा विषय तर अजिबात काढू नका. पीसीओएस असलेल्यांमध्ये खाण्याचे आजार जास्त दिसतात आणि त्यांची सुरुवात बऱ्याचदा याच वयात होते. त्यापेक्षा हे बघा की मुरमांमुळे शाळेत जायला कुरकुर करते का, खेळ सोडलाय का, मैत्रिणींकडे जायचं बंद केलंय का. यातलं काही असेल तर त्याला आधी हात घाला, लेबल नंतर बघू.

प्रश्न : वय ३६, दहा वर्षांपासून पीसीओएस, मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) चालू आहे. आठ तास झोपूनही सकाळी अंग उचलत नाही, दुपारी मीटिंगमध्ये डोळे मिटतात. नवरा म्हणतो तू फार घोरतेस. बाकीचे म्हणतात आळशी झालीस. ही पीसीओएसचीच थकावट आहे का?

उत्तर : आळस हा शब्द आधी घरातून बाहेर काढा. आणि सगळं पीसीओएसच्या नावावरही ढकलू नका, कारण मग जे बरं होण्यासारखं आहे ते कुणी शोधतच नाही.

घोरणं आणि दिवसा झोप येणं एकत्र आलं की झोपेत श्वास थांबतोय का हे तपासायलाच हवं, स्लीप ॲप्निया. पीसीओएसमध्ये तो जास्त आढळतो आणि तो असेल तर आठ काय दहा तास झोपलात तरी झोप झालेली नसते. त्यासाठी स्लीप स्टडी करतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासा. पाळी लांबून मग खूप रक्तस्राव होत असेल तर हिमोग्लोबिन आणि लोह. थायरॉइड. आणि मन. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का, सतत उदास वाटतं का, हे स्वतःला विचारा आणि उत्तर हो असेल तर ते थकव्याइतकंच स्पष्ट सांगा, त्यालाही उपचार आहे.

डॉक्टरकडे जाताना फक्त "थकवा आहे" म्हणू नका, ते ऐकून कुणीही टॉनिक लिहून देईल. दोन आठवडे साधं लिहून ठेवा, किती वाजता झोपलात, रात्री किती वेळा उठलात, दिवसा कधी झोप आली, काय करायचं होतं आणि काय राहिलं. गेल्या वर्षभराच्या पाळीच्या तारखा, चालू गोळ्यांची नावं. रात्री श्वास अडखळतो का हे स्वतःचं स्वतःला कळत नाही म्हणून नवऱ्याला सोबत न्या, त्यांनी जे ऐकलंय ते त्यांनाच सांगू दे. आणि गाडी चालवताना एकदाही डोळा लागला असेल तर ते अगदी पहिल्या वाक्यात सांगा, अपॉइंटमेंट लवकरची मागा, आणि तोपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाला चालवू दे.